नमुन्यात न बसणारी भावकी

"तीन वाजले. गेट लावा," गायखे म्हणाले.

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने लोखंडी गेट ओढून कडी घातली. ताशाचा आवाज तेव्हा बाजार समितीच्या वळणापर्यंत आला होता. आम्हा सगळ्यांना तो ऐकू येत होता. गायख्यांनाही.

ग्रामपंचायतीचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात नायब तहसीलदार आहे. माझ्याकडे निवडणूक शाखा. निवडणूक कोणतीही असो. माणसं, मशीन, गाड्या आणि कागद वेळेवर जागेवर पोचवणं हे माझं काम. दत्तात्रय गायखे आमच्याकडे मंडळ अधिकारी, म्हणजे पाच-सहा गावांच्या तलाठ्यांवरचा साहेब. लोक या पदाला सर्कल म्हणतात. त्या वेळी नदीकाठच्या तीन गावांसाठी ते निवडणूक निर्णय अधिकारी होते. बोलताना आम्ही आरओ म्हणतो. अर्ज घेणं, तपासणं, चिन्हं वाटणं, निकाल जाहीर करणं, सगळं आरओच्या सहीने होतं.

अर्जाच्या वेळेचा नियम सोपा आहे. तीन वाजेपर्यंत जो आवारात आला त्याला चिठ्ठी द्यायची. मग त्याचा अर्ज घ्यायला संध्याकाळ झाली तरी चालेल. जो आवाराबाहेर, त्याला चिठ्ठी नाही.

मिरवणूक गेटसमोर थांबली. पुढे ताशा, मागे उघडी जीप. जीपमध्ये मंगल गायखे उभ्या, नऊवारी, डोक्यावर फेटा, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये अर्ज. सरपंचपद त्या वर्षी महिलांसाठी राखीव होतं. त्यांचे पती निवृत्ती गायखे हे पॅनेलचे प्रमुख. द्राक्षांचं पॅकहाउस, दोन टेम्पो, गावात वजन. त्यांनी जीपमधून उडी मारली आणि गेटचे गज धरले.

"दत्ता, उघड."

"अण्णा, वेळ संपली."

"कुठं संपली? आत्ता तर वाजले. कांद्याच्या ट्रॅक्टरांनी सगळा रस्ता धरलाय. मी काय उडून येऊ?"

"आतल्यांना चिठ्ठ्या देऊन झाल्या, अण्णा."

"मग अजून एक दे. चिठ्ठीच हाय ना? सातबारा मागतोय का मी?"

मागची पोरं हसली. गायखे हसले नाहीत. निवृत्ती अण्णांचा चेहरा बदलला. ते मोठ्याने म्हणाले, "तुला आत बसवून उपयोग काय मग? आपला माणूस आत हाय म्हणून तर आम्ही निवांत आलो!"

विरोधी पॅनेलच्या तीन जणांनी हे मोबाइलवर घेतलं.

त्यांना उशीर का झाला ते मला नंतर कळलं. दिवस गुरुवार. गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ. पॅनेलचे बाकी सगळे अर्ज आधीच भरून झाले होते. सरपंचाचा तेवढा मुहूर्तासाठी मागे ठेवला होता. गुरुजींनी सांगितलं, राहुकाळ संपल्याशिवाय अर्ज हातावेगळा करू नका. म्हणून त्यांनी युक्ती काढली. तीनच्या आत आवारात शिरायचं, चिठ्ठी घ्यायची, आणि अर्ज टेबलावर ठेवायचा तो तीननंतर. नियमही पाळला जातो आणि राहुकाळही टळतो. युक्ती वाईट नव्हती. पण अशी युक्ती करणारा माणूस दुपारी एक वाजताच येऊन आवारातल्या लिंबाखाली बसतो. हे बसले नाहीत. आरओ परका असता तर नक्की बसले असते.

गेट उघडलं नाही. मंगल वहिनींनी फेटा काढून जीपच्या सीटवर ठेवला.

आता थोडं मागचं सांगते.

निवडणूक जाहीर झाली की आमच्या तालुक्यातल्या निम्म्या कर्मचाऱ्यांचा रक्तदाब वाढतो. उरलेल्यांचे नातेवाईक उभे राहतात. ड्युटी रद्द करा म्हणून अर्जांचा ढीग पडतो. कुणाची मावससासू वॉर्डात उभी असते, कुणाच्या भाच्याचा मित्र. नातं हे ड्युटी टाळण्याचं कारण झालं की खरं नातं ओळखणं अवघड होतं. यासाठी एक छापील नमुना आहे. प्रत्येक अधिकाऱ्याने लिहून द्यायचं की कोणीही उमेदवार माझा जवळचा नातेवाईक नाही. जवळचा म्हणजे कोण, याची यादी वर दिलेली असते. नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण, सासरचे तेवढेच. शिवाय स्वतःच्या गावात नेमणूक द्यायची नाही. हितसंबंध नकोत म्हणून इतकीच व्यवस्था. वाचायला पुरेशी वाटते.

नेमणुकीचे आदेश निघाले त्या दिवशी गायखे माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, नदीपलीकडचं गाव मला देऊ नका."

"तुमचं गाव अलीकडचं आहे ना?"

"हो. पण पलीकडे आमची भावकी आहे. सरपंचाला मंगल वहिनी उभ्या राहणार आहेत."

"नातं काय?"

ते बोटांवर मोजायला लागले. पणजोबांच्या वडिलांपर्यंत गेले आणि तिथे थांबले. "सरळ सांगता येत नाही मॅडम. पण सुतक आहे."

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. एका मूळ पुरुषाची घरं म्हणजे भावकी. त्यात कोणी गेलं की सगळ्या घरांना दहा दिवस सुतक. देवपूजा नाही, शुभकार्य नाही. दहाव्याला नदीवर पुरुष डोक्याचे केस काढतात. रक्ताचं नातं किती लांबचं, हे कुणी विचारत नाही. सुतक धरतात म्हणजे आपले. मग तेच लोक लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहतात आणि तेच खांदा देतात. बांधावरून कोर्टातही तेच जातात.

गायखे माझ्या ओळखीतले सरळ अधिकारी. ड्युटी कधी टाळली नव्हती. म्हणून मी तहसीलदारांच्या केबिनमध्ये गेले. साहेब तरुण, स्पर्धा परीक्षेतून थेट आलेले, हुशार.

"सख्खा भाऊ आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मेहुणा? साडू?"

"नाही. भावकी आहे. सुतकातली."

"मॅडम, भावकी धरायला लागलो तर मला आरओ नागालँडहून आणावा लागेल. तीन सर्कल आजारी आहेत, एक बाळंतपणाच्या रजेवर. नियमात बसतंय ना? सही घ्या."

नियमात बसत होतं. मी नमुना गायख्यांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"खाली एक ओळ लिहू का? भावकी आहे म्हणून?"

"छापील नमुन्यात ओळ घालता येत नाही. वेगळा अर्ज द्या, मी साहेबांपुढे ठेवते."

ते हसले. "आता परत अर्ज दिला तर साहेबांना वाटेल मी पण रक्तदाबवाल्यांतला."

त्यांनी सही केली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आता गेटनंतरचं. सरपंचपदासाठी विरोधी पॅनेलचा एकच अर्ज राहिला. माघारीची मुदत संपली आणि त्या बाई बिनविरोध निवडून आल्या. आमच्याच आवारात गुलाल उधळला गेला. दोन-तीन जण गायख्यांच्या पाया पडायला आले. "साहेब, देवासारखे उभे राहिलात!" गायखे म्हणाले, "मी घड्याळासारखा उभा होतो. बाहेर जा." पण तोवर कुणीतरी फोटो काढला होता. त्यांच्या बुटांवर गुलाल.

आठवडाभरात निवृत्ती अण्णांची तक्रार वरच्या कार्यालयात गेली, तिथून आमच्याकडे चौकशीला आली. तिचा मजकूर असा. आरओ हे आमचे भावकीतले असून त्यांनी हे नातं प्रशासनापासून लपवलं. आणि बांधाच्या जुन्या वादाचा राग मनात धरून मुद्दाम गेट बंद केलं. राहुकाळाचा उल्लेख नव्हता. उशिराचाही नव्हता.

तक्रारीला उत्तर देणं कठीण होतं, कारण त्यातली पहिली ओळ अर्धी खरी होती. नातं होतं. आणि ते आमच्या कागदावर नव्हतं.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"गायखे, तुम्ही नातं लपवलंत?"

"नाही सर. मॅडमना सांगितलं होतं."

"आणि मी तुम्हाला सांगितलं होतं सर," मी म्हणाले.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "लेखी आहे का काही?"

"नाही."

"मग मी वर काय कळवू? चर्चा झाली होती?"

"हो. तेच कळवा. चर्चा झाली होती."

"मॅडम, चर्चेला आवक नंबर नसतो."

मी त्याच दिवशी माझं लेखी म्हणणं दिलं. गायख्यांनी भावकीचं नातं तोंडी सांगितलं होतं, ते वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं, नियमात बसत असल्याने नेमणूक कायम राहिली. गेट वेळेवर बंद झालं, मी स्वतः हजर होते. आवक नंबर घेतला. निकाल काय लागला ते सांगते. गेट बंद करणं योग्य ठरलं. गायख्यांना नातं लेखी न कळवल्याबद्दल ताकीद मिळाली, ती सेवापुस्तकात लागली. मला "यापुढे दक्षता घ्यावी" असं पत्र आलं. साहेबांची बदली झाली. ती शिक्षा नव्हती, त्यांची वेळ झालीच होती.

इथवर हे ऑफिसातलं प्रकरण होतं. अशी प्रकरणं आम्ही पचवतो. ताकीद काही वर्षांनी जुनी होते.

पण चौकशीत तक्रारदाराला कागदांच्या प्रती द्याव्या लागतात. त्यात गायख्यांच्या त्या नमुन्याचीही प्रत गेली. दुसऱ्या दिवशी तो दोन्ही गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. "कोणीही उमेदवार माझा जवळचा नातेवाईक नाही", या ओळीभोवती लाल गोल. खाली दत्तात्रयची सही. आणि निवृत्ती अण्णांचा एक वाक्याचा मजकूर: भाऊबंदांनो, बघून घ्या, आपण याचे कोणी नाही.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी तात्या गेले. तात्या म्हणजे त्या भावकीतले सर्वांत वडील, पलीकडच्या गावाचे माजी सरपंच. आमच्या कार्यालयात त्यांचं येणं-जाणं होतं, म्हणून दशक्रियेला मी गेले. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे मोठा कार्यक्रम. गोदावरीचा घाट, मंडप, स्पीकरवर प्रवचन, पुढारी, श्रद्धांजलीची भाषणं. मी बायकांच्या बाजूला खुर्चीवर बसले होते. तिथून पायऱ्या दिसत होत्या.

पायऱ्यांवर भावकीतले पुरुष ओळीने बसले होते. दोन न्हावी दोन टोकांकडून येत होते. गायखे ओळीत होते. सदरा काढलेला, डोकं ओलं केलेलं. न्हावी त्यांच्यापाशी आला, वस्तऱ्यात नवीन पातं घातलं.

"त्याला नको," निवृत्ती अण्णा म्हणाले. त्यांचं डोकं झालं होतं. "त्याला सुतक नाय."

न्हाव्याचा हात थांबला.

"अण्णा, इथं नको," गायखे म्हणाले.

"इथंच. सरकारला लिहून दिलंय ना तू? आम्ही तुझे कोणी नाय. मग आमचं सुतक तुला कसं?"

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जाऊ दे निवृत्ती. आजच्या दिवशी तरी."

"नाना, आजच बोलायचं. उद्या ऐकायला कोण येतंय? माझी बायको गेटवर उभी राहिली तेव्हा त्याला भावकी दिसली नाय. आता डोकं पुढं करतोय."

प्रवचन चालूच होतं. न्हाव्याने इकडे-तिकडे पाहिलं. त्याला दोन्ही गावांत धंदा करायचा होता. तो गायख्यांना वगळून पुढच्या माणसाकडे सरकला. गायख्यांनी टॉवेलने डोकं पुसलं, सदरा घातला आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांत येऊन बसले. आमदारांच्या पीएशेजारी. पिंडाला कावळा लगेच शिवला. तात्यांचंही काही अडलं नव्हतं.

माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही दत्ताच्या हापिसातल्या मॅडम का?"

"हो आजी. तुम्ही?"

"मी त्याची आय." त्या म्हणाल्या, "त्या कागदावर भावकी लिहायला जागा नव्हती का हो?"

"नव्हती."

"मग करायची होती."

"तो कागद छापून येतो आजी. आपल्याला त्यात काही करता येत नाही."

"एवढी शिकलेली माणसं तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "माझं वय झालं. माझं सुतक धरायला कोण ऱ्हायलं आता? दत्ता न् त्याचा पोरगा. दोनच डोकी."

मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी गायख्यांना सांगितलं, बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. तक्रार द्या, मी स्वतः पोलिस स्टेशनला फोन करते.

"कशाची तक्रार देऊ मॅडम? पाणी बंद नाही, वाट बंद नाही. समोर आले तर रामराम करतात. फक्त आवतण नाही. लग्नाचं बोलावणं आलं नाही म्हणून एफआयआर होतो का?"

होत नाही.

"निवृत्ती अण्णांना भेटू का मी? सांगते, नमुना मीच पुढे केला होता."

"ते त्यांना माहीत आहे. त्यांना नमुन्याचा राग नाही. गेटचा आहे. नमुना हाताला लागला एवढंच." मग ते म्हणाले, "आणि गेट मी परत तसंच लावीन."

मी तरीही गेले. पॅकहाउसवर चहा दिला, आदर केला. निवृत्ती अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही नोकरी केली, त्यानं नोकरी केली. आम्ही भावकी करतोय. ज्याचं काम त्यानं करावं." मंगल वहिनी ट्रे घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला सरपंच व्हायचंच नव्हतं हो." नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, तशा त्या आत गेल्या.

आजी द्राक्षांच्या हंगामात गेल्या. पॅकहाउसवर रात्रंदिवस काम चालतं ते दिवस. अंत्ययात्रेला भावकी आली. गावात मयताला कोणी चुकत नाही. आली, खांदा दिला, नदीवर उभी राहिली, घरी गेली. गायखे मला फोनवर म्हणाले, "सगळे आले मॅडम." त्यांच्या आवाजात जरा आशा होती. मलाही वाटलं, मिटलं.

तिसऱ्या दिवशी निवृत्ती अण्णांनी पॅकहाउसवर सत्यनारायण घातला. दरवर्षी घालतात. मलाही निमंत्रण होतं, मी गेले नाही. सुतकात असलेलं घर पूजा घालत नाही, हे तिथल्या शाळकरी मुलालाही कळतं. भाषण करायची गरजच नव्हती. लाउडस्पीकर लावला होता आणि नदीपलीकडे आवाज स्वच्छ जातो. गायख्यांच्या घरात त्या वेळी दिव्याशेजारी ते आणि त्यांचा मुलगा बसलेले होते.

दहाव्याला घाटावर दोघांनीच केस काढले. आमच्या शाखेतले सहा जण गेलो होतो. आमचा एक कारकून म्हणाला, "सर, मी पण बसतो." गायख्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नको रे. तुझे आई-वडील आहेत अजून. तुझ्या घरी चालणार नाही." बरोबर होतं ते. सुतक मैत्रीखातर धरता येत नाही.

यंदा पुन्हा निवडणुकीचं काम निघालं. या वेळी जिल्हा परिषदेचं. नेमणुकांची यादी माझ्याकडून नव्या साहेबांकडे गेली, सुधारून परत आली. गायख्यांना क्षेत्रीय अधिकारी नेमलं होतं, म्हणजे काही मतदान केंद्रांवर देखरेख करणारा. केंद्रं पलीकडच्या गावातली. उमेदवारांत निवृत्ती अण्णांचा पुतण्या. मी गायख्यांना बोलावलं, कोरा कागद पुढे ठेवला.

"या वेळी आधी लेखी द्या. मी आवक नंबर टाकून घेते आणि साहेबांपुढे स्वतः नेते. बदलून मिळेल."

त्यांनी कागद परत सरकवला.

"कशाला मॅडम? आता अडचण नाही. आता तिथे माझं कोणी नाही."

त्यांनी छापील नमुना घेतला आणि न वाचता सही केली. नियमाने पाहिलं तर त्या गावासाठी त्यांच्याइतका हितसंबंधमुक्त अधिकारी तालुक्यात दुसरा नाही. मी नमुना फाइलला लावला.

नवीन आरओंच्या प्रशिक्षणात हितसंबंधांवर दहा मिनिटं माझी असतात. मी त्यांना यादी वाचून दाखवते आणि सांगते, यादीबाहेरचं काही असेल तर लिहून द्या, तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं ऑफिसात कोणाला आठवत नाही. मग कोणीतरी विचारतं, लिहून दिल्यावर ड्युटी नक्की रद्द होईल का? मी सांगते, माणूस शिल्लक असेल तर होईल. बहुधा शिल्लक नसतो.